मोरोक्कोचे स्फेंज घरी जमतात का?

मी सोलापूरची. स्फेंज म्हणजे तिकडचे तळलेले डोनट, दोनदा करून बघितले पण दोन्ही वेळा आतून कच्चट आणि जड झाले. पीठ हाताला फार चिकटतंय म्हणून मी मैदा वाढवत गेले, पुरीसारखं घट्ट मळलं. अंडं, दूध पण घातलं. काय चुकतंय?

उत्तर: ताई, मैदा वाढवला तिथंच गडबड झाली बघा. स्फेंज शब्दच अरबीतल्या स्पंजवरनं आलाय, पीठ ओलं चिकट असलं तरच आत जाळी पडते. अंडं दूध साखर काही नको, फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. अर्धा किलो मैद्याला मी ४०० मिलीच्या आसपास पाणी घेते, ७ ग्रॅम यीस्ट, दीड चमचा मीठ, आणि १० मिनिटं हातानं आपटून आपटून मळते. मग दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभरातच फुगतं त्यामुळं लक्ष ठेवा नाहीतर आंबट होतं.

उत्तर: आकार मेदूवड्यासारखाच, हात पाण्यात बुडवून गोळा घ्या, अंगठ्यानं भोक पाडा, ओढून मोठं करा कारण तेलात ते मिटतं. तेल मध्यम गरम पाहिजे, फार तापलं की वरून लाल आत कच्चं.

प्रश्नकर्ती: झाले! मस्त हलके! तिकडं पुदिन्याच्या चहाबरोबर खातात, साखर किंवा मध लावून. सासूबाईंनी मात्र शेंगाचटणीबरोबर खाल्ले, आणि खरंच छान लागतात, पीठ गोड नसतं ना.