मेळाव्याच्या यादीतली नोंद ज्याची त्याला बदलू द्यायची का?

सातपूरकर (१९८९ बॅच)
काल इथे एकाने लिहिलं, "माजी विद्यार्थ्यांची यादी ऑनलाइन खुली करा, ज्याने त्याने आपला नंबर-पत्ता बदलावा, समिती मध्ये कशाला?" वाचून फार लागलं, म्हणून सविस्तर लिहितो. ९ वर्षं ही यादी मी सांभाळतोय. दोन मेळाव्यांपूर्वी हाच प्रयोग केला होता. गूगल फॉर्मला 'भरल्यावरही उत्तर बदलता येईल' ही सोय ठेवली. एका मित्राने फॉर्म भरला आणि शेवटी आलेली दुरुस्तीची लिंक बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, "सगळ्यांनी भरा रे." ती लिंक त्याच्या एकट्याच्या उत्तराची! ११ जणांनी तिच्यावरच भरलं, प्रत्येकाने आधीच्याचं पुसलं. शीटमध्ये उरली एक ओळ. मेळाव्याच्या दिवशी माणसं दारात उभी, बिल्ले नाहीत, आणि केटररला ताटं कमी सांगितलेली. शेवटच्या पंगतीला पोळ्या पुरल्या नाहीत. मुंबईहून पहाटे निघून आलेला माझा बेंचवरचा मित्र नुसता भात खाऊन गेला.

नाशिकरोडकर (२००६)
दादा, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण हा दोष दुरुस्तीच्या सोयीचा नाही, लिंक कुणाच्याही हातात चालली याचा आहे. प्रत्येकाला त्याच्या नंबरवर ओटीपी पाठवा. आलेला बदल थेट यादीत न जाता वेगळ्या तक्त्यात पडू दे, तुम्ही मंजूर केलात की मूळ नोंद बदलेल. जुनी नोंदही तारखेसकट जपून ठेवा. माझं रोजचं काम हेच आहे. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने दुरुस्तीचा हक्क दिलाय.

सातपूरकर (१९८९)
दुरुस्ती मागण्याचा हक्क दिलाय, बाबा. यादीत हात घालण्याचा नाही. आधारचा पत्ता घरबसल्या बदलतो, पण पुरावा जोडावाच लागतो. नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी फॉर्म ८ भरला तरी तपासणी होते. आणि ओटीपी कुठल्या नंबरवर? बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. आपल्या एका वर्गभगिनीचा जुना नंबर आज मालेगावच्या एका दुकानदाराकडे आहे. आमंत्रण त्यांना जातं, ते बिचारे दरवेळी नम्रपणे कळवतात. ओटीपीही त्यांनाच जाईल ना?

पंचवटीची लेक (१९९४)
नावाचा विषय निघालाच आहे तर आज बोलतेच. माझा घटस्फोट झाला, मी माहेरचं नाव परत घेतलं. यादीत सासरचं होतं. बदलायला समितीला फोन केला. पलीकडे ज्याच्याशी शाळेत कधी दोन वाक्यं बोलले नव्हते असा मुलगा. त्याने विचारलं, "का गं, काय झालं?" वाईट हेतूने नाही, मला माहीत आहे. पण मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याला सगळं सांगितलं, फोन ठेवला आणि त्या वर्षी मेळाव्याला आले नाही. ऑनलाइन फॉर्म असता तर चार अक्षरं बदलून मोकळी झाले असते. कुणाला कारण सांगावं लागलं नसतं.

इंदिरानगर (१९८९)
ताई, वाईट वाटलं. पण आम्ही मुलींना शोधायचं कसं? बिल्ल्यावर सासरचं नाव असलं की समोर उभी असूनही ओळख पटत नाही. बिल्ल्यावर शाळेतलंच नाव हवं, यात बदल नको.

देवळालीहून (१९९४)
तुम्ही ठरवणार? मी लग्नानंतर नाव बदललंच नाही. तरी यादीत नवऱ्याचं आडनाव चढवलं होतं. कुणीही मला विचारलं नव्हतं. एखाद्या मुलाचं आडनाव समितीने असं बदललंय कधी?

इंदिरानगर (१९८९)
आवाज चढवू नका. यादी करणारे फुकट राबतात. चूक झाली असेल.

देवळालीहून (१९९४)
फुकट राबता म्हणून माझं नाव तुमचं होत नाही.

जुनी बॅच (१९७१)
मुलांनो, भांडू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आधी येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यांचे मेळावे भरतील तेव्हा तीन रकाने पुरणार नाहीत. आज एक रकाना वाढवायला काय हरकत? मात्र आमच्या बॅचला फॉर्म नको. आम्हाला फोनच करा. आमच्यातल्या निम्म्यांना स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि त्या फोनची आम्ही वर्षभर वाट बघतो.

नाशिकरोडकर (२००६)
काकांचं पटलं. फोनचा मार्ग मी विचारातच घेतला नव्हता. आणि मालेगावच्या नंबरचा मुद्दाही खरा आहे, दादा. नंबर बदलायचा असेल तर नुसता ओटीपी पुरणार नाही.

सातपूरकर (१९८९)
त्या दिवशी फोनवर मीच होतो. पंचवटीच्या ताईंना कळलंच असेल. मला वाटत होतं, विचारपूस केली. नऊ वर्षांत कितीजणींनी फोन करायचाच टाळला असेल, हे मला सुचलंही नव्हतं.
थेट यादी खुली करायला माझा आजही विरोध आहे. ताटांचा आकडा आणि नंबर मी तपासल्याशिवाय बदलणार नाही. नवा नंबर आला की त्याच बॅचच्या एकाकडून खात्री करून घेईन. पण नावाचे दोन रकाने करतो, शाळेतलं आणि आजचं. आजचं नाव ज्याचं त्याने भरावं, त्याला मंजुरी लागणार नाही. बिल्ल्यावर कुठलं छापायचं तेही ज्याचं त्याने निवडावं.

पंचवटीची लेक (१९९४)
फॉर्ममध्ये 'बदलाचे कारण' असा रकाना आहे. तो काढ.

सातपूरकर (१९८९)
काढला.

पंचवटीची लेक (१९९४)
मग आज रात्री भरते. नंबर तोच आहे.