परसातला पहिला ग्रिल कोळशाचाच घ्या

ऑस्टिनकर:
मेमोरियल डे, म्हणजे मे अखेरची अमेरिकेतली सुट्टी, जवळ आला की आमच्या इथल्या मराठी मंडळींत एकच प्रश्न फिरतो, ग्रिल कुठला घेऊ? यंदा तिघांनी विचारलं आणि तिघांचाही कल पेलेट ग्रिलकडे, म्हणजे लाकडाच्या छोट्या गोळ्यांवर आपोआप चालणाऱ्या ग्रिलकडे. माझं मत उलटं आहे. पहिला ग्रिल २२ इंची कोळशाची केटलच, म्हणजे झाकणाचा गोल ग्रिलच असावा.

ही केटल १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी काढली. ते ज्या कारखान्यात होते तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. तोच अर्धगोल घेऊन त्यांनी त्याला पाय लावले, वर झाकण बसवलं. सगळी करामत त्या झाकणात आणि खालच्या-वरच्या झडपांत आहे. झडप मिटली की विस्तव मंदावतो, उघडली की फुलतो. निखारे एका बाजूला लोटायचे, दुसरी बाजू रिकामी ठेवायची. निखाऱ्यांवर कोंबडीच्या तंगड्यांची साल खरपूस करून घ्या, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावा, आत भट्टी तयार. कडेने कोळशाची एकेरी रांग मांडून एका टोकाने पेटवली, तर त्याच केटलचा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात शिजवणारी भट्टी होते. आणि धग कशी सांभाळायची हे हाताला कळतं. बटण दाबून ते कळत नाही.

प्लेनोची सुगरण:
दादा, आदर राखून सांगते, पटलं नाही. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरात दोन लहान मुलं. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसाच. आतला स्क्रू तो थोडाथोडा जाळात ढकलतो, पंखा हवा देतो, तापमान यंत्र सांभाळतं. खरंखुरं लाकूडच जळतं ना?

मागच्या महिन्यात आठ पाउंडांचा पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, रात्री दहाला २२५ अंश फॅरनहाइटवर ठेवला. आतलं तापमान १६० च्या आसपास येऊन चार तास हललंच नाही. मांसाचं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यालाच गार करत राहतं, म्हणून ते तसं अडकतं. तोवर मी गाढ झोपले होते. दुपारी २०० पार झालं, हाड ओढलं तर हातात मोकळं आलं. केटल असती तर रात्रभर निखाऱ्यांशी झटावं लागलं असतं. सासूबाई भारतातून आल्या होत्या, जेवताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. हे मला महत्त्वाचं वाटतं.

एडिसनहून:
आमच्या टाउनहाउसच्या नियमांत कोळसा बसत नाही, तेव्हा गॅस. फॉइलच्या पुडीत हिकरीच्या लाकडाच्या ढलप्या घालून भोकं पाडायची आणि पुडी बर्नरवर ठेवायची. धुराचा वास येतो. बाकी वाद तुमचा चालू द्या.

रायगडची लेक:
मी ऑस्टिनकरांच्या बाजूची. थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. सगळी मंडळी शेकत, गप्पा मारत बसतात. ती राखण करत बसणं हाच तर कार्यक्रम असतो! विस्तवापासून माणसं उठवली तर उरलं काय?

प्लेनोची सुगरण:
ताई, वर्षातून एकदा पोपटी मीही आनंदाने राखेन. दर शनिवारी कशी राखू?

ऑस्टिनकर:
शोल्डरचं मान्य. दहा-बारा तासांचं काम असेल तर पेलेटला तोड नाही. पण पेलेटचा जाळ स्वच्छ जळतो, त्यामुळे धुराची चव सौम्य लागते. शिवाय पावसात पेलेट भिजले की फुगतात आणि स्क्रू अडकतो. एका शेजाऱ्यांचा ऐन पार्टीत अडकला होता. पाहुणे दारात आणि ग्रिल बंद.

आता वांगं घ्या. तेलाचा हात लावून ते मी थेट निखाऱ्यांना टेकवतो. साल तडकते, देठापाशी रस बुडबुडे काढत येतो, वीस-पंचवीस मिनिटांत ते मऊ होऊन बसतं. सोलल्यावर बोटांना जो वास राहतो, तो मला तरी पेलेटवर कधी मिळाला नाही. ताई, तुम्हाला मिळाला का?

प्लेनोची सुगरण:
नाही. दोनदा करून पाहिलं. वांगं शिजलं, पण साल हवी तशी करपली नाही. भरताचं वांगं मी अजून स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीवरच भाजते.

ऑस्टिनकर:
मग छोटी १४ इंची केटल पेलेटच्या शेजारी ठेवून बघा. आणि नवीन घेणाऱ्यांना एक सांगतो. कुठलाही ग्रिल घ्या, आधी मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या. कोंबडी आत १६५ अंश फॅरनहाइट झाल्याशिवाय वाढू नका. रंगावर भरवसा ठेवू नका. आणि पाऊस आला म्हणून कोळशाचा ग्रिल गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्लेनोची सुगरण:
या शेवटच्या दोन गोष्टींवर माझा शंभर टक्के होकार. १४ इंची केटलचं नवऱ्याशी बोलते.