नमन स्पर्धेपेक्षा वाडीत जगतं

लोककला टिकवायची तर स्पर्धा वाढवा, बक्षिसाची रक्कम वाढवा, असं काही जण सुचवतात. हेतू चांगलाच आहे, पण आमच्या संगमेश्वरकडचा अनुभव वेगळा आहे.

नमन, म्हणजे कोकणातलं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, शिमग्यात उभं राहतं ते वाडीच्या जोरावर. महिनाभर रोज रात्री जेवणं आटपली की कोणाच्या तरी खळ्यात तालीम. कोणी मृदंगाला शाई भरून आणतो, कोणी पेट्रोमॅक्सच्या काळापासून जपलेले मुखवटे रंगवतो. गवळणीतल्या, म्हणजे कृष्ण-गोपींच्या खेळातल्या, राधा पुरुषच होतात, पण त्यांची लुगडी घरातल्या बायकांच्या ट्रंकेतून निघतात, निऱ्याही त्याच घालून देतात. चाकरमानी शेवटच्या चार दिवसांत मुंबईहून उतरतात आणि थेट झांज हातात घेतात. माझ्या काकांनी संकासुराची, म्हणजे नमनातल्या एका सोंगाची, ती काळी उंच टोपी आणि पांढरी दाढी पहिल्यांदा माझ्या डोक्यावर चढवली, तेव्हा आत घामाचा नि जुन्या कापडाचा वास होता. तो अजून आठवतो.

स्पर्धेत वेळेचं बंधन येतं. गण (गणपतीचं स्तवन) आणि गवळण आटोपती घेतात आणि वगावर, म्हणजे कथेच्या नाट्यावर, भर देतात. जे चांगलं नाचतात तेवढेच निवडले जातात, बाकीची वाडी खुर्चीत बसते. रात्रभर चालणाऱ्या खेळात मात्र चुकणाऱ्या पोरालाही जागा असते, तिथेच तो शिकतो.

म्हणून पैसे द्यायचेच तर वाडीतल्या तालमीला द्या. मृदंग मढवायला, पोशाखाला, आणि शाळेतल्या पोरांना मृदंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना मानधन म्हणून.