चर्चा: नेल आर्टच्या गाळ्यात हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट सक्तीचा हवा का?

हर्सूलकर:
संभाजीनगर, लातूर, नांदेडात नेल एक्स्टेन्शनचे, म्हणजे कृत्रिम नखं लावून देणारे गाळे झपाट्याने वाढलेत. दहा बाय दहाची जागा, पुढे काच, एसी चालू आणि कामाची मुलगी दिवसभर टेबलावर वाकलेली. लगीनसराईत तर जेवायलाही ती तिथेच बसते. हवा बाहेर टाकायची सोय नसेल तर त्या गाळ्यात अ‍ॅक्रिलिक (नख घडवायचं रसायन) आणि अ‍ॅसिटोनचं (ते काढायचा द्रव) काम होऊच देऊ नये, असं माझं मत आहे.

हिशेब करून बघा. छत दहा फुटांवर धरलं तर गाळ्यात साधारण २८ घनमीटर हवा मावते. नखांवरचं जेल काढताना कापूस-फॉइलमधून एकूण ५० मिली अ‍ॅसिटोन उडालं आणि हवा बदललीच नाही, तर प्रमाण ६०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) आसपास जातं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस २५० पीपीएमची आहे. स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत तोंडावर सोडतो. तासाला दहा वेळा हवा बदलायची तर किमान २८० घनमीटर ओढणारा पंखा लागेल. क्षमतेचा आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचून घ्या.

गंजगोलाई:
दादा, गणित बरोबर आहे, पण ते बंद डब्याचं आहे. गाळ्याचं दार दिवसभर उघडझाप होतं. नायॉशचा आकडाही दिवसभराच्या सरासरीचा आहे आणि तिथल्याच ओशा या कामगार-सुरक्षा खात्याची कायदेशीर मर्यादा १००० पीपीएम आहे. शिवाय भाड्याच्या भिंतीला भोक पाडू देणारा मालक शोधून दाखवा.

मला खरा धोका हवेपेक्षा बोटांना जास्त वाटतो. जेलमधलं हेमा हे रसायन आणि त्याच्या जातीची अ‍ॅक्रिलेटं कच्ची असताना, म्हणजे दिव्याखाली कडक होण्याआधी, कातडीला लागत राहिली की अ‍ॅलर्जी बसते. नखांभोवती भेगा पडतात, बोटांची टोकं सोलतात, पापण्या खाजतात. एकदा बसलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरताना किंवा गुडघा बदलताना डॉक्टरांना ती सांगावी लागते, कारण तिथेही याच कुळातली रसायनं वापरतात. युरोपात हेमाची जेलं २०२१ पासून फक्त व्यावसायिक वापरासाठी आहेत. आपल्याकडे घरपोच मिळणाऱ्या किटमध्ये ती सर्रास असतात.

म्हणून पैसा आधी हातावर खर्च करा. नायट्राइलचे मोजे प्रत्येक ग्राहकाला नवे. मोज्यांवर जेल सांडलं तर मोजे तिथेच काढून टाका, कारण पातळ नायट्राइलमधून अ‍ॅसिटोनही काही मिनिटांत आत शिरतं. जेल कडक करणारा दिवा जेलच्याच कंपनीचा वापरा. जेलचा थर जाड दिला किंवा दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी जुळली नाही तर वरून कडक दिसतं, आत कच्चंच राहतं. मग ड्रिलने घासताना तोच कच्चा भुगा बोटांवर आणि मानेवर बसतो.

हर्सूलकर:
ताई, मोजे हवेतच, पण ते नाकाला लागत नाहीत. आणि सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही, एन९५ सुद्धा नाही. एन९५ भुग्यापुरता ठीक. वाफेला कार्बनचं काडतूस असलेला मास्क लागतो. तो घालून ४२ अंशांत दहा तास कोण बसेल?

दुधनाकाठ:
एसीच्या गाळ्यांबाबत हर्सूलकरांचं पटतं. पण मराठवाड्यातला अर्धा उन्हाळा कूलरवर निघतो आणि इथे कूलरच उपयोगी पडतो. तो खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवला तर ताजी हवा आत येते. समोरच्या भिंतीतल्या झरोक्यात पंखा बाहेर तोंड करून लावला की हवा आरपार जाते. कूलर खोलीच्या आत ठेवला तर मात्र तीच हवा फिरत राहते. झोत थेट टेबलावरही नको, भुगा उडून दोघींच्या तोंडावर येतो.

अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा दुप्पट जड असते, त्यामुळे छताशी लावलेल्या पंख्यावर सगळी भिस्त ठेवू नका. ओढ टेबलाच्या उंचीवर, काम करणारीच्या समोर हवी. टेबलावरच्या डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी फक्त भुगा धरते, वाफ मागून तशीच बाहेर पडते.

आणि कुणी म्हणालंच नाही म्हणून सांगतो: वापरलेला कापूस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. उघड्या डब्यातून त्यातलं अ‍ॅसिटोन तासभर उडत राहतं. वॅक्स हीटर आणि सकाळची उदबत्ती अ‍ॅसिटोनच्या बाटलीपासून दूर. हे द्रव उणे २० अंशांपासूनच पेट घेणारी वाफ सोडतं.

गंजगोलाई:
कूलरचं मान्य. सक्तीचं मात्र अजून पटत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा मुख्यतः वीस किंवा जास्त (२०२५ च्या दुरुस्तीआधी दहा) कामगारांच्या दुकानांना लागू होतो, आणि या गाळ्यांत दोन-तीन मुली असतात. सक्ती झाली की त्याच मुली घरच्या स्वयंपाकघरात बसून काम करतील, लेकरं शेजारी.

हर्सूलकर:
मग निदान मालाची तरी तपासणी व्हावी. सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे घटकांची यादी आणि परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक हवा. बिनलेबलच्या लिटरभर अ‍ॅक्रिलिक लिक्विडमध्ये एमएमए (मिथाइल मेथॅक्रिलेट) असू शकतं, त्याचं नख इतकं कडक होतं की धक्का लागला तर मूळ नखासकट उचकटतं. लेबल नसेल तर बाटली परत करायची, हे तर दोन मुलींच्या गाळ्यातही जमेल ना?

गंजगोलाई:
हो, हे उद्यापासून जमेल. झरोक्यातल्या पंख्यासाठी मात्र मालकाशीच बोलावं लागेल.