लॉटरीवाल्याचे १,३६८ कोटी: देणाऱ्याला धरायचं की घेणाऱ्याला?

सह्यकडा (धागाकर्ता)
मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची (स्टेट बँकेतून विकत घेऊन, देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षाला द्यायच्या देणग्यांची) यादी बाहेर आली तेव्हा पहिल्या नंबरावर कुठलं नावाजलेलं उद्योगघराणं नव्हतं. होती कोइमतूरच्या सँटियागो मार्टिन यांची 'फ्युचर गेमिंग', म्हणजे लॉटरीची तिकिटं विकणारी कंपनी. १,३६८ कोटींचे रोखे! तृणमूलला ५४२ कोटी, द्रमुकला ५०३, वायएसआर काँग्रेसला १५४, भाजपला १००, काँग्रेसला ५०.

आणि याच काळात ईडी या कंपनीच्या मागे होती. सिक्कीमची लॉटरी केरळात विकताना सिक्कीम सरकारला ९०० कोटींहून जास्त खड्ड्यात घातलं, असा आरोप आहे. २ एप्रिल २०२२ ला ईडीनं ४०९ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली, ७ एप्रिलला कंपनीनं १०० कोटींचे रोखे घेतले. पाच दिवसांत!

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कंपनीची चौकशी चालू आहे तिच्याकडून एक रुपयाही घ्यायला पक्षांना बंदी हवी. घेतला असेल तर परत करा.

कायद्याचं बोला
असहमत. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. रोखे त्या वेळी कायदेशीर होते, पैसे स्टेट बँकेतून केवायसी करून गेले. यात त्या माणसानं लपवलं काय?

दुसरं, तुमच्या दोन तारखांवरून लोक 'खंडणी' म्हणतात, ते आकड्यांत बसत नाही. ईडी केंद्राची. मग केंद्रातल्या पक्षाला १०० कोटी आणि त्याच्या कट्टर विरोधकांना हजाराहून जास्त, हे कसं? तमिळनाडूत तर २००३ पासून लॉटरीला बंदीच आहे. तिथं द्रमुकनं कंपनीला कुठला धंदा मिळवून दिला, ते दाखवा.

हावडा ब्रिजवरून
मी नोकरीनिमित्त कोलकात्यात असतो. याच कंपनीकडून विकल्या जाणाऱ्या 'डिअर लॉटरी'चं तिकीट स्वस्तातलं, सोडत दिवसातून तीन वेळा, पहिलं बक्षीस एक कोटी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घडीचं टेबल असतं. तिकिटांच्या गड्ड्या रबर लावून मांडलेल्या, वर जुन्या निकालांचे कागद चिकटवलेले. दुपारी एकच्या सोडतीआधी तिथे रिक्षावाले, हमाल, घरकाम करणाऱ्या बायका उभ्या असतात. दुपारी नाही लागलं तर संध्याकाळी सहाचं घेतात, तेही गेलं तर रात्री आठचं.

कायदेशीर आहे, मान्य. पण तृणमूलला मिळालेले ५४२ कोटी ज्या धंद्यातून आले, तो या बायकांच्या पदराच्या गाठीवर चालतो आणि त्याच पक्षाच्या राज्यात चालतो. लॉटरी चालू द्यायची की बंद करायची, हे ठरवणारं राज्य सरकारच ना? माझ्या मते संशयाला एवढी जागा पुरेशी आहे.

जमाखर्च
'कायद्याचं बोला' यांना कायद्यातलंच सांगते. २०१७ पर्यंत कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपलीकडे राजकीय देणगी देता येत नव्हती. २०१७ च्या वित्त कायद्यानं ती मर्यादाच काढून टाकली. म्हणूनच या कंपनीला जाहीर नफ्याच्या कित्येक पट देणगी देता आली. माझी हयात ताळेबंद तपासण्यात गेली. नफ्यापेक्षा देणगी मोठी दिसली की लेखापरीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, पैसा आला कुठून? तो प्रश्नच कायद्यानं गैरलागू करून ठेवला.

आणि 'गुप्त' कुणापासून? रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा नंबर होता, अतिनील प्रकाशात दिसणारा. म्हणजे रोखा ओळखायची सोय होती, फक्त मतदाराला ती नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कलम १८२ मधला हा बदलही रद्द केला, ते उत्तम झालं.

कायद्याचं बोला
ताई, कलम १८२ बद्दल पूर्ण सहमत. पण मग दोष कायदा करणाऱ्यांचा झाला. त्या चौकटीत राहून ज्यानं पैसे दिले त्याचा फोटो सगळीकडे फिरला, आणि घेणारे पाचही पक्ष प्रचाराला मोकळे. ईडीचा छापा पडणार असेल, उद्या राज्य सरकार परवाना अडवणार असेल, तर व्यापारी सगळ्यांच्याच दारात पैसे ठेवणार. त्याला गुन्हेगार म्हणायच्या आधी त्याच्या जागी उभं राहून बघा.

सह्यकडा
घाबरून दिले असतील तर प्रकरण जास्तच गंभीर आहे! मग ती देणगी राहतच नाही. म्हणून तर चौकशी हवी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं विशेष तपास पथकाची मागणी फेटाळली, तिथं माझी निराशा झाली. ज्याला तक्रार आहे त्यानं नेहमीचे कायदेशीर मार्ग वापरावेत, असं म्हटलं गेलं. पण तक्रार करणार कोण? देणारा करणार नाही, घेणारा करणार नाही.

पक्षांची उत्तरं बघा. जदयूनं निवडणूक आयोगाला कळवलं की पाटण्याच्या कार्यालयात कुणीतरी बंद पाकीट देऊन गेलं, उघडलं तर दहा कोटींचे रोखे. तृणमूल म्हणते, रोखे कार्यालयाच्या पेटीत टाकलेले मिळाले. द्रमुकनं निदान देणगीदारांची नावं स्वतःहून आयोगाला दिली, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

हावडा ब्रिजवरून
पैसे परत करा म्हणता, पण कंपनीला परत करून काय साधणार? ते सरकारजमा व्हायला हवेत.

जमाखर्च
सरकारजमा करायचे तर आधी ते गैरमार्गाचे होते हे सिद्ध व्हावं लागेल, आणि त्याला ईडीचा खटला निकाली निघायला हवा. तोवर एवढं तरी करता येईल: या पाचही पक्षांच्या २०१९ ते २०२४ च्या वार्षिक हिशोबात रोख्यांची रक्कम कुठे खर्ची पडली, ते आपापल्या खासदाराला लेखी विचारा. मी माझ्याकडच्या खासदारांना पत्र टाकलं आहे. उत्तर आलं की इथेच देते.