एक्सपल्सला 17 इंची चाकं घालताना पुढचा ब्रेक बदलायलाच हवा का?

मुळशीकर
माझी हिरोची एक्सपल्स 200 4व्ही बाइक आहे. पुढे 21, मागे 18. दिवाळीनंतर दोन्हीकडे 17 च्या रिम घालून डांबरासाठी तिची सुपरमोटो (लहान चाकांची, डांबरावर पळवायची गाडी) करतोय. ज्याला विचारावं तो पहिलं वाक्य हेच बोलतो: "320 ची डिस्क घाल, चार पिस्टनचं कॅलिपर घाल." मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं, कंपनीची 276 मिमीची डिस्क आणि कंपनीचंच कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पुरेसं आहे.

हिशेब सांगतो. 90/90-21 टायरची त्रिज्या साधारण 348 मिमी भरते, 120/70-17 ची 300. डिस्क तीच आणि लिव्हरवर बोटाचा जोर तोच, म्हणजे चाकावरचा टॉर्क (पिळाचा जोर) तोच. पण चाक लहान झालं, त्यामुळे टायर रस्त्यावर जी ताकद लावतो ती 16 टक्क्यांनी वाढते. आता 320 ला 276 ने भागून बघा. तेही 16 टक्केच येतं! म्हणजे ज्या ताकदीसाठी लोक मोठी डिस्क घेतात, ती लहान चाक लावल्या लावल्या हातात येते.

शिवाय मूळ हबमध्येच (चाकाच्या मधल्या भागात) 17 ची रिम विणून घेतली की डिस्क, कॅलिपर, एबीएसची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) खाचांची चकती, सगळं जागच्या जागी राहतं. दुसऱ्या गाडीचं अलॉय आणलं की ॲक्सलची जाडी वेगळी, डिस्कची बैठक दोन-तीन मिमी आत नाहीतर बाहेर, मग स्पेसर आणि वॉशरचे थर. ब्रेकच्या जागी मला असली जुळवाजुळव नको आहे.

घाटउतार
त्रिज्येचा हिशेब मान्य. पण तो ताकदीचा झाला, उष्णतेचा नाही.

गाडी सुमारे 160 किलो, तुम्ही 75 धरा. ताशी 100 वरून थांबलात की साधारण 90 किलोज्यूल उष्णता होते, आणि त्यातली बहुतेक पुढच्या डिस्कमध्ये जाते. घाटात पाचशे मीटर खाली उतरलात तर एकूण ऊर्जा त्याच्या बारापटीहून जास्त. इंजिन आणि वारा त्यातला वाटा उचलतात, हे खरं. उरलेलं मात्र तेवढ्याच पातळ लोखंडाला सोसायचंय. चाक लहान झालं म्हणून डिस्कचं वजन वाढलं का?

कंपन्यांनी स्वतः काय केलं तेही बघा. सुझुकीची डीआर-झेड400एस पुढे 250 मिमी डिस्क घेऊन येते, तिचीच सुपरमोटो बहीण 400एसएम 300 घेऊन आली. केटीएम 390 एंड्युरो आरला 285 आणि 390 एसएमसी आरला 320. लहान चाकाचे 16 टक्के त्यांनाही मिळत होतेच. तरी डिस्क मोठी केली.

कारण पकड. खडी-मातीत टायर सुटतो, तिथे ब्रेक जास्त असून उपयोग नसतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर जवळजवळ दुप्पट धरतो, म्हणजे ब्रेककडून काम तेवढंच जास्त मागतो.

मुळशीकर
घाटउतार, 390 आणि 400 सीसीच्या गाड्यांची उदाहरणं 200 सीसीला लावू नका. माझ्या इंजिनाची ताकद 19 बीएचपीच्या आसपास. ताशी 100 वरून पुन्हा पुन्हा ब्रेक मारायची वेळ रस्त्यावर येतेच कुठे? आणि ताम्हिणी तिसऱ्या गिअरमध्ये उतरायची असते, ब्रेकवर टांगून नाही.

उष्णतेवरचा पहिला उपाय ब्रेक ऑइल. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल 230 अंशांच्या आत उकळता कामा नये असा नियम आहे. तेच ओल धरलं की हा आकडा 155 वर येतो. आपल्याकडे कोकणातला एक पावसाळा काढलेलं ऑइल कोणी बदलतं का? चहासारखं काळपट झालेलं ऑइल तसंच ठेवून वर चाळीस हजारांचं कॅलिपर लावतात.

भोसरी लेथ
तुम्ही दोघंही डिस्कवर भांडताय. माणूस पडतो तो मास्टर सिलिंडरमुळे, म्हणजे लिव्हरपाशी ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरमुळे.

माझ्या आतेभावाने अशाच गाडीला मोठ्या स्पोर्ट बाइकचं चार पिस्टनचं कॅलिपर लावलं. ब्रॅकेट मीच कापून दिलं होतं, माप चोख होतं. मास्टर सिलिंडर मात्र मूळचाच ठेवला. अंगणात लिव्हर मऊ लागला, आम्ही म्हटलं ऑइलच्या पाइपमध्ये हवा राहिली असेल. तीनदा हवा काढली. वरंध उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर त्याच्या लिव्हरचं टोक ग्रिपला टेकलं आणि बाकीची दोन बोटं मध्ये चिमटली. गाडी कठड्याच्या दगडाला घासून थांबली. त्याच्या कोपराचं हाड मोडलं. हवा नव्हतीच, चूक आमच्या गणिताची होती.

समजा मूळ कॅलिपर सरकतं आहे, त्याला एकाच बाजूला 27 मिमीचे दोन पिस्टन, आणि मास्टर 11 मिमी. पिस्टन आणि मास्टरच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर येतं 12. नवं कॅलिपर चार पिस्टनचं, 32 मिमी. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या अशा समोरासमोरच्या कॅलिपरमध्ये तुलनेला एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, चारही नाही. इथेच बरेच जण घोळ घालतात. तरी गुणोत्तर 17 होतं. म्हणजे पॅड तेवढेच सरकवायला लिव्हर 40 टक्के जास्त दाबावा लागतो. तिथे 13 मिमीचा मास्टर लावा, गुणोत्तर परत 12, हाताला जुनाच ब्रेक. उगीच 16 चा लावलात तर 8 येतं, लिव्हर लाकडासारखा कडक आणि जोर दीडपट लागतो.

कॅलिपर बदला नाहीतर बदलू नका. पण बदलणार असाल तर आधी मापाचा व्हर्नियर हातात घ्या.

आणि चार पिस्टनचं कॅलिपर जाड असतं. 17 ची रुंद रिम विणली की स्पोक बाहेरच्या अंगाने जातात. चाक हाताने पूर्ण फिरवून स्पोक आणि कॅलिपरमध्ये किमान 3 मिमी फट दिसतेय का बघा.

करवीर 09
माझा मुळशीकरांना विरोध आहे. मी कोल्हापूरला कार्टिंग ट्रॅकवर अशीच 200 चालवतो. तिथे दर काही सेकंदांनी वळण. पाच-सहा फेऱ्यांनंतर मूळ डिस्कवर निळसर कडा दिसते, पॅडचा जळका वास हेल्मेटमध्ये येतो आणि लिव्हरचा दाबबिंदू (जिथे ब्रेक धरायला लागतो) बोटाच्या एका पेराएवढा आत जातो. ऑइल नवं, पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे), ब्रेकची स्टीलच्या जाळीची पाइप, सगळं केलं होतं. फरक पडला तो 300 च्या डिस्कने, कॅलिपर आणि मास्टर मूळचेच ठेवून. त्यामुळे लेथवाल्यांचं गणितही बिघडलं नाही.

मात्र कॅलिपर धरणारं ब्रॅकेट नीट पाहिजे. माझं पहिलं दीड मिमी उंच झालं होतं. पॅडचा वरचा काठ डिस्कच्या बाहेर राहिला, तो घासला गेला नाही, आणि महिन्याभरात तिथे पायरी तयार झाली. मग ती पायरी डिस्कच्या कडेवर अडकायला लागली.

घाटउतार
एबीएसचं कोणी बोललं नाही. चकती तीच ठेवली तरी लहान चाक दर किलोमीटरला 16 टक्के जास्त फिरतं. एबीएसचा संगणक 21 च्या चाकासाठी बसवलेला आहे. रिकाम्या मैदानात आधी ओल्या जमिनीवर, मग कोरड्यावर, तो कसा वागतो ते बघितल्याशिवाय हायवेला लागू नका. काढून टाकण्याचा विचारही नको.

कायद्याचंही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल मान्य करत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी चाकांकडे बोट दाखवेल.

मुळशीकर
करवीर, ट्रॅकची गोष्ट वेगळी हे मी धरलंच नव्हतं. तिथे तुमचं म्हणणं मान्य. रस्त्यासाठी मात्र मी 276 वरच ठाम आहे. मूळ हब, नवं डॉट 4, जाळीची पाइप, सिंटर्ड पॅड. कॅलिपरवर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावून ताम्हिणी दोनदा उतरणार आणि आकडा इथेच टाकणार.

लेथवाले दादा, आज संध्याकाळी मास्टरचं आणि पिस्टनचं माप घेतो. आतेभावाचा हात आता कसा आहे?

भोसरी लेथ
कोपर पूर्ण सरळ होत नाही. गाडी चालवतो, पण क्लच बदलून हलका घेतला. माप टाका, मी गुणोत्तर काढून देतो.

करवीर 09
चिकटपट्टी तशीच ठेवा आणि एकदा ट्रॅकवरही या. 276 वर सहा फेऱ्या मारा, मग माझ्या गाडीवर सहा मारा.