मदत हवी आहे: एच-४ व्हिसावर असलेल्या लेकीला उन्हाळ्यात शिकायला फ्लॉरेन्सला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक इथल्याच एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पब्लिक हेल्थ. तिच्या विभागाचे एक प्राध्यापक उन्हाळ्यात मुलांना घेऊन इटलीतल्या फ्लॉरेन्सला जातात. जूनच्या सुरुवातीपासून पाच आठवडे, सहा क्रेडिट. तिला जायचंच आहे. महिनाअखेर डिपॉझिट भरायचंय आणि आमचं काही ठरत नाहीये.

खरी अडचण कागदपत्रांची आहे. तिच्याबरोबरची बहुतेक मुलं अमेरिकन पासपोर्टवाली. त्यांना शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० पैकी ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, त्यामुळे माहितीसत्रात व्हिसाचा विषय निघाला आणि लगेच मिटलाही. आमची लेक लहानपणी आमच्यासोबत आली, पासपोर्ट भारतीय, स्टेटस एच-४, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेलं. ग्रीन कार्डाची रांग काय असते ते इथे अनेकांना ठाऊक आहे. तिला इटलीचा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. तो मिळेलही, पण पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप कधीच संपलाय. इथे राहायला त्याने काही अडत नाही, मात्र एकदा बाहेर पडली की परत यायला तो हवाच. त्यातून नोव्हेंबरात तिला २१ पूर्ण होतात, म्हणजे एच-४ संपतं. उन्हाळ्यात इथूनच एफ-१ म्हणजे विद्यार्थी स्टेटससाठी अर्ज करायचा असं आम्ही ठरवलं होतं.

खर्च सगळा धरून आठ-नऊ हजार डॉलरच्या घरात जातोय. तिच्या मैत्रिणीला पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) आहे, म्हणून तिला परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या गिलमन स्कॉलरशिपसाठी अर्ज करता आला. त्यात पाच हजारांपर्यंत मिळू शकतात, पण ती फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. फेडरल मदत आमच्या वाट्याला येत नाही, जे काही आहे ते खिशातून.

आधीच्या बॅचच्या मुलींशी बोलले. एकीने सांगितलं, पाच जणी एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एसी नाही, जुलैत रात्रभर खिडक्या उघड्या आणि डास. सोमवार ते गुरुवार वर्ग, आणि गुरुवारी संध्याकाळी बॅगा भरून चिंक्वे तेर्रे, अमाल्फी, इंटरलाकेन असं कुठेतरी पळायचं. रविवारी रात्री परत. मजा आली म्हणाली, पण कॉफी मागण्यापलीकडे इटालियन आलं नाही, आणि गप्पा सगळ्या आपल्याच कॉलेजच्या मुलींशी. एवढे पैसे घालून हेच असेल तर मन तयार होत नाही.

पण लेकीचं म्हणणंही मला पटतं. विषय आहे प्लेग आणि शहराचं आरोग्य. १३४८ च्या साथीत ज्या शहरातली निम्म्याहून अधिक माणसं गेली असं मानतात, तिथेच बसून तो शिकायचा. सांता मारिया नुओवा हे १२८८ साली सुरू झालेलं रुग्णालय आजही चालू आहे. ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या अनाथालयाच्या संग्रहालयात काचेखाली छोट्या छोट्या खुणा ठेवल्यात: मधोमध तोडलेलं पदक, एखादा मणी. आई अर्धी खूण बाळाबरोबर ठेवायची, अर्धी स्वतःकडे, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. लेकीने त्याचे फोटो दाखवले तेव्हा मी गप्पच झाले. हे न्यू जर्सीत बसून शिकता येईल, पण असं नाही.

तर ज्यांची मुलं अशी जाऊन आली आहेत किंवा जे स्वतः गेले होते, त्यांनी कृपया सांगा. एच-४ वर असताना कुणी हे केलंय का? आणि अभ्यास खरंच होतो का, की नुसती सहल? आम्ही शाकाहारी आहोत, तेही लक्षात घ्या.

निशिगंध: ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. एफ-१ चा अर्ज इथून केला आणि तो प्रलंबित असताना ती देशाबाहेर गेली, तर तो सोडून दिला असं धरतात. तेव्हा जायचं असेल तर जाण्याआधी तो भरू नका. युरोपातल्या एखाद्या वकिलातीत स्टँप करून घेऊ असंही मनात आणू नका. २०२५ च्या सप्टेंबरपासून आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करा असं सांगतात. जुन्या स्टँपवर परत येण्याची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या फेरीपुरती असते, इटलीला ती लागू नाही.

एक मार्ग दिसतो. जुलैत फ्लॉरेन्सहून थेट मुंबई, तिथे एफ-१ चा व्हिसा, आणि सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत परत. त्यासाठी विद्यापीठाकडून नवा आय-२० (एफ-१ साठी लागणारा प्रवेशाचा कागद) घ्यावा लागेल. धोका असा की ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असताना एफ-१ नाकारला जाऊ शकतो. नोव्हेंबरपर्यंत ती एच-४ चा स्टँपही मागू शकते, पण उन्हाळ्यात मुंबईच्या तारखा मिळणं हाच प्रश्न असतो. वकिलाशी बोलल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.

दर्यावर्दी: माझा मुलगा स्पेनमधल्या सालामांकाला गेला होता, स्पॅनिशसाठी. तिथे घरगुती राहणं होतं, एका सत्तरीच्या बाईंकडे. जेवण दुपारी अडीचला आणि रात्री दहाला. शाकाहारी आहे असं आधी कळवलं होतं, तरी पहिल्याच दिवशी सॅलडमध्ये ट्यूना. मासा म्हणजे मांस नव्हे असा त्यांचा पक्का समज! मग त्यांनीच रोज छोले, मसूर, बटाट्याचं ऑम्लेट असं करायला सुरुवात केली. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून पोराची भाषा सुटली. माझं मत स्पष्ट आहे: राहायची सोय कशी आहे त्यावर अर्धं शिक्षण ठरतं. फ्लॉरेन्समध्ये एखाद्या कुटुंबाकडे राहता येईल का ते प्राध्यापकांना विचारून बघा.

आडवाट: मी स्वतः फ्लॉरेन्सला गेले होते. अभ्यास होतो, आणि दमछाकही होते. तीन क्रेडिटचे साधारण ४५ तास अडीच आठवड्यांत बसवतात, रोज वाचन असतं. पळापळ करायची की नाही हे मात्र मुलांच्या हातात. मी दोन शनिवार-रविवार शहरातच काढले, सांत'आंब्रोज्योच्या बाजारात भाजी घेऊन घरी स्वयंपाक केला, तेव्हा कुठे शहर कळायला लागलं. शाकाहाराचं म्हणाल तर पान्झानेल्ला, पाप्पा अल पोमोदोरो, घेवड्याचे पदार्थ भरपूर. पार्मेजानो चीजमध्ये मात्र वासराचं रेनेट (दूध फाडायला वापरतात तो पोटातला अर्क) असतं, कटाक्षाने पाळत असाल तर लेकीला सांगून ठेवा. क्रेडिट आपल्याच विद्यापीठाची असतील तर ग्रेड जीपीएमध्ये धरतात, ते आधी लेखी घ्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. प्रलंबित अर्जाचं आम्हाला अजिबात माहीत नव्हतं, वकिलांची वेळ घेतली आहे. लेक म्हणते, मुंबईचं जमणार नसेल तर एफ-१ इथेच होऊ दे, स्टँपचं बघू आणि पुढच्या उन्हाळ्यात जाईन. एवढं अजून कळलं तर बरं: व्हिसा न मिळाल्यास डिपॉझिट परत मिळाल्याचा कुणाला अनुभव आहे का?